‘ईसीएम उडालाय’ म्हणाले, आणि मी साडेतेहतीस हजार मोजले

गेल्या जुलैत सांगलीहून कराडला निघालो होतो. आष्टा सोडलं आणि डॅशबोर्डवर होते नव्हते तेवढे सगळे दिवे लागले. स्पीडचा काटा धाडकन शून्यावर आला, स्टेअरिंग दगडासारखं जड झालं. इंजिन मात्र चालू होतं. घाबरून गाडी कडेला घेतली, बंद केली, आणि मग ती परत चालू होईना. सेल्फ फिरत होता, पण इंजिन काही पकडत नव्हतं.

टो करून एका गॅरेजात नेली. काचेची केबिन, टॅबलेटएवढा स्कॅनर, एकूण कारभार झकपक. पोरानं स्कॅनर लावला आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवली. लाल अक्षरात यू ०१००, यू ०१२१, खाली आणखी दोन-तीन कोड. मालक म्हणाले, “सर, ईसीएम उडालाय. पावसात पाणी गेलं असणार. नवा परवडायचा नाही, मी जुना चांगला बघतो.”

ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरचा डबा. मी स्क्रीनकडं बघितलं आणि मान डोलावली. खरी फसगत तिथंच झाली, पैसे नंतर गेले.

यू ०१०० चा अर्थ ‘ईसीएम खराब’ असा नाहीच. ‘ईसीएमशी संपर्क होत नाही’ एवढाच तो कोड सांगतो. फोन लागत नाही म्हणजे माणूस गेला असं आपण धरतो का? आणि माझ्या गाडीत तर यू ०१२१ पण होता, म्हणजे ब्रेक सांभाळणाऱ्या एबीएसच्या डब्याशीही बोलणं बंद. दोन-तीन डबे एकाच मिनिटाला मुके होतात तेव्हा आधी संशय त्यांना जोडणाऱ्या तारेवर घ्यायचा असतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या पोराला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

जुना ईसीएम २६,०००, किल्ली मॅच करून प्रोग्रामिंग ६,०००, टोइंग-चेकिंग १,५००. पाच दिवसांनी गाडी मिळाली, चालूही झाली. माझा काढलेला ईसीएम मागितला तर “स्क्रॅपमध्ये गेला सर” असं उत्तर आलं. आता वाटतं, तो चांगला होता आणि पुढच्या कुणाला तरी ‘जुना चांगला’ म्हणून बसला असणार. सिद्ध करता येत नाही.

अकरा दिवसांनी घरासमोर पुन्हा तोच प्रकार. फोन केला तर मालक शांतपणे म्हणाले, “मग एबीएस मॉड्यूल पण गेलंय. बावीसपर्यंत जाईल.”

शेजाऱ्यांनी त्यांच्या ओळखीच्या म्हाताऱ्या वायरमनला बोलावलं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. स्कॅनर नाही, डिक्कीत एक पिवळा मीटर आणि टेपची गुंडाळी. आधी बॅटरीचं टर्मिनल काढलं आणि पाच मिनिटं चहा घेतला. मग स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये सहा नंबरच्या आणि त्याच्या बरोबर खाली येणाऱ्या चौदा नंबरच्या पिनला मीटर लावला.

“ह्ये बघा साहेब. हितं साठ यायला पायजे.”

मीटरवर ०.८ होतं.

गाडीतले डबे एकमेकांशी दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात, त्याला कॅन म्हणतात. बॉशनं १९८६ साली ही पद्धत मांडली. त्याआधी कामागणिक वेगळी वायर ओढायचे. या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून मधे मोजलं की ६० येतात. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आले तर दोन तारा कुठंतरी एकमेकींना चिकटल्यात, आणि मग कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. किल्ली ओळखल्याचा निरोप ईसीएमपर्यंत पोचत नाही, म्हणून गाडी चालू होत नाही. (नव्या काही गाड्यांत सॉकेटच्या मागं गेटवे नावाचा मधला डबा असतो, तिथं हा ६० चा हिशोब लागू पडत नाही. आणि ६० आले म्हणजे सगळं ठीक असंही नाही. एखादी तार बॉडीला किंवा बारा व्होल्टला लागलेली असू शकते, ते वेगळं मोजावं लागतं.)

अण्णांनी ईसीएमचं कनेक्टर काढलं. डबाच शॉर्ट असता तर आकडा चढला असता. ०.८ तसाच. डॅशबोर्डवरच्या स्पीडमीटरचं काढलं, एबीएसचं काढलं. तरी ०.८. “डबं समदं चांगलं हाईत. तार बघू.”

मग ते दरवाजाशी उकिडवे बसले आणि विचारलं, “ही लायटीची पट्टी कवा बसवली?”

जूनमध्ये. दार उघडलं की निळी पेटणारी उंबऱ्यावरची पट्टी, एका ॲक्सेसरीवाल्याकडून, १,८०० रुपये. हौस माझीच. अण्णांनी डब्यांचे कनेक्टर परत लावले आणि पट्टीचा पहिला स्क्रू काढला, काही नाही. दुसरा काढला आणि मीटरवर ६०.२.

कंपनीच्या क्लिपऐवजी त्या ॲक्सेसरीवाल्यानं लांब स्क्रू मारला होता, खालच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, घुसेल असा. पट्टीवर पाय पडून तो आणखी दाबला गेला की तारा चिकटायच्या, एरवी नाही, म्हणून मधे अकरा दिवस गाडी चालली. सोललेल्या दोन तारांवर तांबं चमकत होतं, जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढं. वेगवेगळ्या स्लीव्ह घालून, पीळ तसाच ठेवून अण्णांनी त्या बांधल्या. घेतले ७०० रुपये.

गॅरेजमालकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: “तो वेगळा फॉल्ट सर, ईसीएम पण गेलाच होता.” ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन केला, त्यांनी बिल मागितलं. माझ्याकडं पॅडचा फाडलेला कागद आहे, त्यावर ‘ईसीएम काम’ आणि आकडा. जीएसटी नाही, डब्याचा पार्ट नंबर नाही, काढलेल्या डब्याचा उल्लेख नाही.

गाडी चालते. ईसीएम बदलताना त्यांनी एकच किल्ली मॅच केली होती, त्यामुळं बायकोकडच्या किल्लीनं ती अजून चालू होत नाही. त्या कामाचा दर या वेळी आधी लिहून मागितलाय.