ड्राइव्ह दिसत नव्हता, डेटा जागेवरच होता, आणि माझे ९३,८१९ रुपये गेले

आधी आकडे लिहितो, कारण घरी, बँकेत आणि पोलीस ठाण्यात सगळ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. ४,७२०. मग ११,८००. मग ४९,९९९. मग २७,३००. एकूण ९३,८१९ रुपये. १७ सप्टेंबर २०२५ ची रात्र, पावणेनऊ ते साडेदहा.

मी तालुक्याच्या गावी हिशेबाची कामं करतो. बावीस वर्षं झाली. सतरा दुकानदारांचं जीएसटी माझ्याकडे आहे, शिवाय पगारदारांची आयकर रिटर्न्स. त्या वर्षी रिटर्नची मुदत १५ सप्टेंबरवरून आयत्या वेळी एक दिवस वाढून १६ झाली. त्या दोन दिवसांत मी फार तर चार तास झोपलो असेन. लॅपटॉप आठवडाभर रडत होता. विंडोजचं अपडेट अर्ध्यावर जायचं आणि मागे फिरायचं. २० तारखेला ३बी, म्हणजे दुकानदारांचं जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचं होतं. म्हणून १७ ला संध्याकाळी ठरवलं की विंडोज नव्याने टाकून मोकळं व्हायचं. हे मी पूर्वी दोनदा केलंय. येत नव्हतं म्हणून फसलो असं कुणी समजू नये.

मीडिया क्रिएशन टूलने १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ११ घेतलं, त्यावरून लॅपटॉप चालू केला. भाषा, कीबोर्ड, सगळं झालं. विंडोज कुठे टाकायचं हे विचारणारं पान आलं आणि त्यावर यादी रिकामी. एकही ड्राइव्ह नाही. ५१२ जीबीची डिस्क आत बसलेली आणि पडद्यावर काहीच नाही. मी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंगमध्ये गेलो, तिथलं सिक्युअर बूट हे सुरक्षेचं बटण बंद करून पाहिलं. तरी तेच. मग म्हटलं, जाऊ दे, जुनं विंडोज तरी उघडू. तर निळ्या पडद्यावर बिटलॉकरने, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्याच सोयीने, ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. बिटलॉकर मी आयुष्यात कधी चालू केलं नव्हतं.

सतरा दुकानांचा टॅलीचा डेटा त्यात. बाहेरच्या डिस्कवर बॅकअप होता, पण ३१ जुलैचा. ऑगस्टची सगळी बिलं त्या एका डिस्कवर. माझ्या पोटात गोळा आला तो इथे, आणि पुढचं सगळं त्याच गोळ्यावर झालं.

मोबाइलवर लॅपटॉप कंपनीच्या नावासह कस्टमर केअर शोधलं. सगळ्यात वर १८०० ने सुरू होणारा नंबर होता. वर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असं लिहिलेलं होतं, ते मला नंतर दिसलं. कंपनीचा नंबर शोधयंत्रातून घेऊ नका. लॅपटॉपसोबत आलेल्या कागदावर असतो, नाहीतर कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून साइटवर जा.

फोन लगेच उचलला गेला. हेही खटकायला हवं होतं. "सर, आप बिलकुल टेन्शन मत लीजिए." मॉडेल विचारलं, तळावरचा सीरियल नंबर विचारला, "वॉरंटी खतम हो चुकी है" असं सांगितलं. ती खरोखरच संपली होती. बायको जेवणाचं ताट घेऊन उभी होती. म्हणाली, "अहो, एवढ्या रात्री कुठली कंपनी फोन घेते?" मी तिला हाताने थांब म्हटलं.

तो म्हणाला, बाहेरच्या कुणीतरी डिस्क लॉक केली आहे, म्हणूनच ड्राइव्ह दिसत नाही आणि की मागतोय. अजून दोनदा चालू-बंद केलंत तर डेटा पुसला जाईल. लॅपटॉप चालत नाही म्हणून तपासणी मोबाइलवरून करावी लागेल. त्यासाठी मोबाइलचा पडदा समोरच्याला दाखवणारं ॲप टाकायला लावलं. मी टाकलं. मग सेवाशुल्क ४,००० अधिक जीएसटी, म्हणजे ४,७२०. मी म्हटलं, पक्कं बिल पाहिजे. दोन मिनिटांत व्हॉट्सॲपवर बिल आलं.

आता जे लिहितोय ते लिहिताना हात थरथरतो. त्या बिलावरचा जीएसटी नंबर ०७ ने सुरू होत होता. ०७ म्हणजे दिल्ली. मी महाराष्ट्रात, माझा कोड २७. दिल्लीच्या माणसाने महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला सेवा दिली तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर लागतो, १८ टक्के, एका ओळीत. बिलावर होतं सीजीएसटी ३६० आणि एसजीएसटी ३६०, जे एकाच राज्यातल्या व्यवहाराला लागतात. ही चूक दुकानदारांच्या बिलांत मी दर महिन्याला पकडतो. चिडून फोन करतो त्यांना. आणि त्या नंबरातलं सहावं अक्षर पी होतं. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन असतो, त्यातलं चौथं अक्षर माणूस आहे की कंपनी ते सांगतं. पी म्हणजे एकटा माणूस. कंपनीला सी असतं. एवढी मोठी लॅपटॉप कंपनी आणि नोंदणी एका व्यक्तीच्या पॅनवर!

मला हे दिसलं. दिसलं नाही असं म्हणालो तर खोटं होईल. दोन्ही गोष्टी दिसल्या आणि मनात आलं, यांचा कुणीतरी फ्रँचायझीवाला असेल, बिल बनवणारा पोरगा नवा असेल. कारण मला बिल तपासायचं नव्हतं, ऑगस्टची नोंद परत हवी होती. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता कुणाचाही नंबर तपासता येतो. अर्धं मिनिट लागतं. दुसऱ्या दिवशी तपासला तेव्हा तो एका व्यक्तीच्या नावावर होता आणि नोंदणी रद्द झालेली होती. त्या माणसालाही बहुधा याचा पत्ता नसेल.

४,७२० यूपीआयने दिले. मग फोनवर "सीनियर इंजिनियर" आला. डेटा काढायला १०,००० अधिक जीएसटी, काम झाल्यावर परत मिळणारी अनामत. ११,८०० दिले. दहा मिनिटांनी म्हणाला, लॉक निघाला, अनामत परत करतो, फॉर्म भरा. फॉर्ममध्ये डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. परत येणाऱ्या पैशाला मागचे तीन आकडे लागत नाहीत, ओटीपीही लागत नाही, पिनही लागत नाही. हे मी चार लोकांना सांगितलेलं आहे.

ओटीपी मी कुणाला सांगितला नाही. तो माझ्या मोबाइलवर आला आणि पडदा त्यांना दिसत होता. ९ वाजून ४७ मिनिटांनी ४९,९९९ गेल्याचा मेसेज आला. "वो होल्ड अमाउंट है सर, रिलीज हो जाएगा." तेव्हा मात्र मी फोन कापला.

पण ॲप चालूच राहिलं. कॉल कापला म्हणून ते ॲप बंद होत नाही! आधी मोबाइलचं इंटरनेट बंद करा, ॲप काढून टाका, आणि बँकेला दुसऱ्याच्या फोनवरून फोन लावा.

९ वाजून ५२ मिनिटांनी मी कार्डामागच्या नंबरवर बँकेला फोन केला. भाषेसाठी एक दाबा, खात्यासाठी दोन दाबा, मग वाट पाहण्याची धून. १० वाजून ११ मिनिटांनी तक्रार क्रमांक मिळाला. मी तीन वेळा म्हटलं, कार्ड बंद करा. "विनंती नोंदवली आहे." १० वाजून २४ मिनिटांनी आणखी २७,३०० गेले. कार्ड बंद झाल्याचा मेसेज १० वाजून ३१ मिनिटांनी आला. तक्रार क्रमांक हातात आल्यापासून वीस मिनिटं.

तेव्हा लागू असलेलं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी आता पाठ केलंय. गिऱ्हाइकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान गिऱ्हाइकाचं, आणि कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. जबाबदारी गिऱ्हाइकाची होती हे सिद्ध करायचंय तेही बँकेने. पहिल्या ६६,५१९ रुपयांवर मी भांडत नाही, तो माझा गुन्हा. पण २७,३०० माझे नाहीत. शाखेत गेलो तर साहेब रजेवर. दुसऱ्यांदा गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आला ना?" मी परिपत्रक छापून नेलं होतं. तिने ते वाचलं नाही, पोहोच द्यायलाही तयार नव्हती. म्हणाली, ईमेल करा. ईमेलला उत्तर आलं की व्यवहार ओटीपीने प्रमाणित असल्याने बँक जबाबदार नाही, तक्रार बंद. वेळांबद्दल एक अक्षर नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर, अगदी शब्दही तेच. माझं या बँकेत एकोणीस वर्षांचं खातं आहे. मी माझ्या सतरा दुकानदारांतल्या अकरांची खाती तिथे उघडून दिली आहेत.

पोलीस ठाण्यात तर मी आरोपी असल्यासारखा उभा होतो. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर रात्रीच तक्रार दिली होती, पोचक्रमांक होता. ठाणे अंमलदार म्हणाले, हे सायबरचं काम, जिल्ह्याला जा. अडतीस किलोमीटर गेलो. तिथे म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्याच ठाण्यात द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्याने घ्यायची. हे सांगितलं तर, "तुम्ही वकील आहात का?" शिकलेला माणूस असून कसे फसलात, हे मला तीन वेगवेगळ्या खुर्च्यांवरून ऐकावं लागलं. चौथ्या दिवशी एफआयआर झाला. तोवर पुढच्या खात्यांतून पैसे निघून गेले होते. ६,२१४ रुपये तेवढे एका खात्यात अडवले गेले आहेत, आणि ते सोडवायला आता न्यायालयाचा आदेश आणा म्हणतात. एका सुनावणीला माझा एक दिवस जातो.

आणि लॅपटॉप? १८ तारखेला सकाळी बसस्टँडजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. त्याने पडदा बघितला आणि विचारलं, "काका, हा इंटेलचा अकराव्या पिढीचा आहे ना?" त्या पिढीच्या प्रोसेसरपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये त्याचा ड्रायव्हर बहुतेक वेळा नसतो. म्हणून यादी रिकामी दिसते. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्यायचा, उलगडून त्याच पेनड्राइव्हवर टाकायचा, आणि त्या रिकाम्या पानावर 'लोड ड्रायव्हर' दाबून तो फोल्डर दाखवायचा. फुकट.

बिटलॉकरचं तर त्याहून सोपं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की विंडोज ११ अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद करतं आणि किल्ली त्याच खात्यात ठेवतं. मी सिक्युअर बूट बंद केलं म्हणून त्याने ती मागितली. त्या मुलाने मला माझ्याच मोबाइलवर माझं खातं उघडायला लावलं, रिकव्हरी कीच्या पानावर ४८ आकडे होते. निळ्या पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून बघितली आणि आकडे टाकले. जुनं विंडोज उघडलं. टॅली उघडलं. ऑगस्टचं शेवटचं बिलसुद्धा जागेवर होतं. त्याने आधी मला बॅकअप घ्यायला लावला आणि मगच विंडोज नव्याने टाकलं. नवीन लायसन्स विकत घ्यायला कुणी सांगितलं तर तेही घेऊ नका, लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजची किल्ली मदरबोर्डमध्येच असते. त्याने ३०० रुपये घेतले. मी ५०० पुढे केले तर २०० परत दिले.

ड्राइव्ह दिसत नाही म्हणजे डेटा गेला असं नसतं, हे वाक्य त्या रात्री मला कुणीतरी सांगायला हवं होतं. घाबरून फॉरमॅट करू नका, डिस्कचे विभाग (पार्टिशन) पुसू नका, नुसतं बंद करून सकाळपर्यंत थांबा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. असेल तर तो चोराचा. आणि ते ॲप ज्या मोबाइलवर होतं तो मी पूर्ण रीसेट केला, सगळे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलले. तुम्हीही करा.

बँकेने नकार दिल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली आहे, फक्त २७,३०० साठी. सोबत कॉल लॉगचा फोटो, तक्रार क्रमांकाचा मेसेज आणि दोन्ही व्यवहारांच्या वेळा जोडल्या आहेत. ज्यांचे बँकेला कळवल्यानंतर गेलेले पैसे परत मिळाले असतील त्यांनी आणखी कोणते कागद लावले होते ते कृपया सांगा. बँकेकडून माझ्या कॉलचं रेकॉर्डिंग कसं मागायचं हे कुणाला माहीत असेल तर तेही हवं आहे.