बोटीच्या ऑटोपायलटपायी १ लाख ८५ हजार

आकडा आधीच सांगून टाकतो. १ लाख ८५ हजार, आणि वर सहा हजार 'सॉफ्टवेअर अपडेट'चे. ते सहा हजार जास्त झोंबतात, कारण तोवर मला संशय आलेला होता आणि तरी मी दिले.

बोट आम्हा तिघांची. मी, माझा मेहुणा आणि ऑफिसातला एक जुना मित्र. २४ फुटी फायबर, मागे बाहेरून टांगलेलं ११५ हॉर्सपॉवरचं एकच आउटबोर्ड इंजिन, हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग. वर्सोव्याच्या खाडीत असते. धंदा नाही, निव्वळ हौस. रविवारी भरती बघून बाहेर पडायचं, सुरमईसाठी ट्रोलिंग करायचं, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत न्यायचे, दुपारच्या भरतीला परत. खाडीच्या तोंडाशी गाळ इतका आहे की ओहोटीला आत यायचं तर देवाचं नाव घेऊनच.

ऑटोपायलट कशाला, असं तांडेलमामांनी तेव्हाच विचारलं होतं. बोट पाण्यात नसते तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवतात ते आमचे मामा, मढचे, सगळा जन्म समुद्रावर गेलेला. कारण साधं आहे. ट्रोलिंगला पाच-सहा नॉटने (ताशी तेवढे समुद्री मैल) तासन्‌तास एका दिशेत जायचं असतं. बोटीवर बहुतेक वेळा दोघेच असतो. एक जण चाकाला चिकटला की दुसऱ्याने चार गळ सांभाळायचे, आणि सुरमई लागली की नेमकी दोघांची धावपळ होऊन बोट भलतीकडे वळते, दोऱ्या एकमेकींत गुंततात. मागच्या डिसेंबरात असाच एक चांगला मासा गेला. मेहुणा अजून मापं काढून दाखवतो.

अधिकृत विक्रेत्याकडून भाव काढला. सगळं मिळून ३ लाख ४० हजार, फिटिंग वेगळं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग जेट्टीवरच्या कुणीतरी एक नंबर दिला. हे गृहस्थ स्वतःला कॅप्टन म्हणवत. व्हिजिटिंग कार्डावर नांगर, गोदीच्या बाजूला एक गाळा, बोलायला मध. "काका, तेच मशीन. परदेशातला जादा स्टॉक आहे, बॉक्स पॅक. तुम्ही शोरूमच्या एसीचे पैसे कशाला देता?" हे वाक्य मला इतकं पटलं की दोन दिवस मीच ते दुसऱ्यांना ऐकवत होतो.

ऑटोपायलट म्हणजे एक डबा नव्हे, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. दिशा सांगणारा सेन्सर असतो. तो वाचून हिशेब करणारा संगणक असतो. बटणांचा कंट्रोल हेड असतो. आणि प्रत्यक्ष इंजिन वळवणारा, तेल ढकलणारा पंप असतो. किंमत आणि फसवणूक दोन्ही पंपात लपतात, कारण तो कन्सोलच्या आत अंधारात बसतो आणि एकदा बसवल्यावर कुणी वाकून बघत नाही. पंप हा इंजिन वळवणाऱ्या तेलाच्या सिलिंडरच्या मापाने निवडायचा असतो. रेमरीन कंपनीच्या तक्त्यात टाइप १ पंप ८० ते २३० सीसीच्या सिलिंडरसाठी आहे. आमचा सिलिंडर १४०च्या आसपास, म्हणजे मधोमध. कॅप्टनने हे सगळं कागदावर नीट लिहून दिलं होतं. माप त्याने खरंच बरोबर दिलं. खोट दुसरीकडे होती.

फिटिंग जुलैत झालं. ही त्याची खरी हुशारी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. आमची हौशी बोटही त्या दिवसांत वर ओढून, लाकडी ठोकळ्यांवर ठेवून, ताडपत्रीखाली असते. "पावसाळी दर" फक्त ३१ जुलैपर्यंत होता. ५० हजार आगाऊ, माल आला तेव्हा एक लाख, आणि ठरल्याप्रमाणे उरलेले ३५ हजार 'ट्रायल'नंतर.

ट्रायल जमिनीवरच झाली. बाहेर धो धो पाऊस, ताडपत्रीखाली आम्ही चौघं, पायाशी चिखल. त्याने स्क्रीन लावली, बटण दाबलं, आणि आउटबोर्ड हळूच डावीकडे, मग उजवीकडे वळलं. स्क्रीनवर बोटीचं चिन्ह सरळ रेषेत चाललेलं, खाली आकडे पळतायत. मेहुण्याने टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, जरा हळू वळतंय का? "काका, चांगला पंप असाच शांत चालतो. खडखड करतो तो लोकल." मी व्हिडिओ काढला आणि तिथल्या तिथे जीपेवरून ३५ हजार पाठवले. बिल मागितलं तेव्हा 'एस्टिमेट' छापलेला कागद मिळाला. जीएसटी नंबर नाही. "पक्कं बिल लागलं तर १८ टक्के वर." मीही गप्प बसलो, खोटं कशाला सांगू.

नारळी पौर्णिमा झाली. त्यानंतरच्या रविवारी बाहेर पडलो. किनारा मागे पडल्यावर दिशा धरली, बटण दाबलं, हात सोडले. पहिला मिनिटभर मस्त. मग बोट हळूहळू उजवीकडे सरकायला लागली, पंप गुं गुं करत जागा झाला, पण इंजिन वळेपर्यंत बोट बरीच फिरलेली. सावरली, तर डावीकडे पलीकडे गेली. मागे वळून पाहिलं तर पाण्यावर नागमोडी पट्टा, शाळेतल्या पोराने काढलेल्या नदीसारखा. चारही गळ एकमेकांत. आणि ते सोडवण्यात दोघं गुंतलो असताना मेहुणा ओरडला, कारण पुढे तीस-चाळीस फुटांवर कोळ्यांच्या डोल जाळ्याच्या तरंगत्या बोयांची रांग होती. मी चाक धरून वळवलं. जाळं प्रोपेलरमध्ये गेलं असतं तर कोळ्याचं नुकसान वेगळं आणि आमची अवस्था वेगळी. ऑटोपायलटला समोरचं काही दिसत नाही, मग तो दोन लाखांचा असो की दहा लाखांचा. हे मला माहीत होतं. तरी पाठ फिरवून बसलो होतो.

कॅप्टन फोनवर शांत. "समुद्र खवळलेला असणार. सॉफ्टवेअर जुनं आहे, मुलगा पाठवतो." मुलगा आला, अर्धा तास बटणं दाबली, सहा हजार घेऊन गेला. पुढच्या रविवारी तीच नदी.

मग एकदा संध्याकाळी मामांना तो जुलैतला व्हिडिओ दाखवत होतो, हे बघा तेव्हा कसा चालला होता म्हणून. मामांना चष्म्याशिवाय लांबचं स्वच्छ दिसतं, जवळचं नाही. त्यांनी फोन हात लांब करून धरला, दोनदा बघितला आणि म्हणाले, "तुजी होरी तर सुकीवर हाय. मंग ही चालली कुटं?"

स्क्रीनच्या कोपऱ्यात वेग होता ५.२ नॉट.

खाली ठोकळे, बाजूला चिखल, मेहुण्याच्या टाळ्या, आणि बोट ५.२ नॉटने चाललेली. जवळजवळ प्रत्येक चार्टप्लॉटरमध्ये, म्हणजे नकाशावर बोट दाखवणाऱ्या स्क्रीनमध्ये, सिम्युलेटर मोड असतो, उभी बोट चाललेली दाखवणारा. दुकानात दाखवण्यासाठी, शिकण्यासाठी. त्यात गैर काही नाही. कॅप्टनने तो चालू केला आणि खालून इंजिन बटणाने वळवलं. आम्ही तिघं पदवीधर ते बघून पैसे देऊन मोकळे झालो.

माझगावकडचे एक जुने मरीन इलेक्ट्रिशियन बोटीवर आणले. त्यांनी कन्सोलमध्ये डोकं घातलं आणि टॉर्च पंपावर धरला. पंपावरची धातूची पट्टी काळ्या रंगाने माखलेली. नखाने खरवडली तर रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली अक्षरं दिसली, २४ व्होल्ट. आमची बॅटरी १२ची. २४ची मोटर १२वर फिरते, म्हणून जमिनीवर संशय येत नाही. पण जेमतेम निम्म्या वेगाने फिरते, तेलही निम्मं ढकलते, आणि पाण्याच्या दाबाखाली तर आणखीच दमते. शांत का चालतो, ते कळलं. कुठल्यातरी मोठ्या बोटीवरून उतरवलेला पंप होता तो.

एवढ्यावर भागलं नाही. सगळ्या उपकरणांना जोडणारी एनएमईए २००० नावाच्या डेटा-जाळ्याची मुख्य केबल असते, तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे रोधक, लागतात. पॉवर बंद करून डेटाच्या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला तर ६०च्या आसपास यायला हवं. आमच्याकडे १२० आलं. म्हणजे एक टर्मिनेटर लावलाच नव्हता. दिशेचा सेन्सर व्हीएचएफ रेडिओच्या स्पीकरपासून वीतभर अंतरावर स्क्रू केलेला. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं हे आठवीतलं पोरगंही सांगेल. शिवाय "कॅलिब्रेशन फॅक्टरीतूनच होऊन येतं" ही थाप. ते ज्याच्या त्याच्या बोटीवर, शांत पाण्यात संथ गोल फेऱ्या मारून करावं लागतं. काही नव्या सेन्सरमध्ये ते चालता चालता आपोआप होतं, पण तेही पाण्यातच. कंट्रोल हेडचा सिरियल नंबर आणि खोक्यावरचा नंबर वेगळे. कंपनीला ईमेल केला तेव्हा उत्तर आलं की हेडची नोंदणी आधीच दुसऱ्या मालकाच्या नावावर, दुसऱ्या देशात झालेली आहे. वॉरंटीचा प्रश्नच मिटला.

बिल नसल्यामुळे आपण काही करू शकत नाही, असं मला वाटत होतं. तसं नसतं. जीपेच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरची बोलणी, तो एस्टिमेट आणि व्हिडिओ, हे सगळं जपून ठेवलं होतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग वकिलामार्फत नोटीस दिली. नोटीस गेल्यावर ६० हजार परत आले, "चांगल्या संबंधांखातर". उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो आहे. ५० लाखांपर्यंतचा व्यवहार तिथे चालतो, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तारखा पडतायत.

पंप मात्र १२ व्होल्टचा, नवा, पक्क्या बिलावर घेतला. तो बसवणारे इलेक्ट्रिशियनकाका शेवटचा हप्ता जेट्टीवर घेईनात. "आधी बाहेर तासभर चालवा, आडवा करंट असेल तेव्हा. मग बघू." बाहेर गेल्यावर त्यांनीच दाखवलं की नुसती दिशा धरून ठेवली तर बोटीचं तोंड सरळ राहतं, पण ओहोटीचा ओढा आख्खी बोट बाजूला नेतो. जमिनीच्या हिशेबाने सरळ जायचं तर प्लॉटरवरचा मार्ग जोडायला हवा. हेही मला कॅप्टनने सांगितलं नव्हतं. त्याला माहीत होतं की नाही कोण जाणे.

जुना पंप पुरावा म्हणून घरी, बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे, गोणपाटात. खालून तेल झिरपतं. बायको दर रविवारी विचारते, हे कधी जाणार. मी म्हणतो, पुढच्या तारखेनंतर.