डेल्फ्ट३डी, टेलेमॅक, माईक २१ की एक्सबीच? गाळाचं मॉडेल निवडताना

लाटा आणि प्रवाह गाळ कुठे नेतील, याचा अंदाज संगणकावर मॉडेल चालवून काढतात. किनारी अभियांत्रिकीत नव्याने आलेले बहुतेक जण आधी त्यासाठीच्या सॉफ्टवेअरचं नाव विचारतात. माझ्या मते आधी ठरवायचं ते वेगळंच: उत्तर किती काळाचं हवं आहे? एका वादळी रात्रीचं, एका हंगामाचं की वीस वर्षांचं? एवढं ठरलं की निम्मी नावं आपोआप गळतात.

वादळात वाळूची टेकडी किती कापली जाईल, पाणी तिच्यावरून पलीकडे जाईल का, असा प्रश्न असेल तर एक्सबीच घ्या, फार विचार करू नका. लाटा गटागटाने येतात आणि त्या गटांबरोबर अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटांपर्यंत आवर्तनकाल असलेल्या लांब लाटा तयार होतात. सपाट उताराच्या किनाऱ्यावर वादळात टेकडीच्या पायथ्यापर्यंत पोचतं ते बरंचसं या लांब लाटांचं पाणी. लाटांची सरासरी धरून चालणाऱ्या मॉडेलमध्ये त्या दिसतच नाहीत, एक्सबीच त्या धरतं. मात्र वादळानंतर किनारा हळूहळू पुन्हा भरतो, ते दाखवताना ते कमी पडतं. महिनोन्महिन्यांच्या शांत हवामानासाठी ते वापरू नका.

दुसरं टोक म्हणजे वीस-तीस वर्षांची किनारारेषा. इथे १९५६ मध्ये पेलनार-कोन्सिदेर यांनी मांडलेलं एकरेषीय मॉडेल अजूनही उपयोगी आहे. किनाऱ्याचा छेद बदलत नाही, तो नुसता पुढेमागे सरकतो, एवढं गृहीतक. ग्रोइनच्या (किनाऱ्यापासून समुद्रात आडव्या घातलेल्या बांधाच्या) कुठल्या बाजूला वाळू साचेल आणि कुठे झीज होईल, हे ते मिनिटांत सांगतं. धोका लाटेच्या कोनात असतो. किनाऱ्यालगतची वाळूवाहतूक लाट फुटतानाच्या कोनाच्या दुपटीच्या साइनवर अवलंबून असते. कोन ५ अंशांऐवजी ८ अंश धरला, तर बाकी सगळं तेच ठेवूनही वाहतूक सुमारे ५९ टक्क्यांनी वाढते. खाडीच्या मुखाशी किंवा चिखलाच्या किनाऱ्यावर हे मॉडेल लावूच नये.

खरी ओढाताण मधल्या प्रश्नांत होते: बंदराच्या नौकामार्गात किती गाळ बसेल, खाडीचं मुख कुठे सरकेल. इथे डेल्फ्ट३डी, टेलेमॅक आणि माईक २१ ही तिघंही उथळ पाण्याचीच समीकरणं सोडवतात, त्यामुळे ‘अचूक कोणतं’ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. डेल्फ्ट३डी नेदरलँड्सच्या डेल्टारेस संस्थेचं, मूळ कोड २०११ पासून खुला, लाटांसाठी सोबतीला स्वान हे वेगळं मॉडेल. प्रवाह आणि तळ एकमेकांना बदलत जातात, ते त्यात नीट बांधलेलं आहे. शिकणाऱ्याला मी हेच सुचवेन. टेलेमॅकची सुरुवात १९८७ मध्ये फ्रान्सच्या वीज कंपनीच्या जलशास्त्र प्रयोगशाळेत झाली. तेही खुलं आहे. पाण्याचा भाग त्रिकोणांत विभागणारी त्याची जाळी धक्के, बेटं आणि वाकडेतिकडे काठ सहज सामावून घेते, पण सगळं मजकुराच्या फाइलींतून चालवावं लागतं आणि सुरुवातीचे आठवडे कष्टाचे जातात. माईक २१ डेन्मार्कच्या डीएचआयचं, परवाना विकत घ्यायचा. मुदत डोक्यावर असेल आणि अडल्यावर विचारायला कुणी हवं असेल, तर ते पैसे वाया जात नाहीत.

मोरफॅक, म्हणजे कमी काळाच्या गणितातून तळाचा जास्त काळाचा बदल काढणारा गुणक, त्याबद्दल सावध राहा. तळात झालेला बदल दर पायरीला एका आकड्याने गुणायचा: १२ ने गुणलं की महिन्याच्या प्रवाहात वर्षाचा तळ मिळतो. नियमित भरती-ओहोटीत हे छान चालतं. पण निवडलेल्या महिन्यात एक वादळ आलं, तर तेही बारापट होतं.

वाळू आहे की चिखल, हा प्रश्न मात्र नावांपेक्षा मोठा. ०.२ मिलिमीटरचा वाळूचा कण सेकंदाला दोनेक सेंटिमीटर वेगाने खाली बसतो, चिखलाचे पुंजके बरेचदा मिलिमीटरच्याही आत. शिवाय चिखल कधी सुटतो, हे त्याच्या घट्टपणावर ठरतं आणि ते कुठल्याही सूत्रात तयार मिळत नाही, नमुना काढावाच लागतो. खाडीत गोडं-खारं पाणी थरांनी वाहत असेल तर द्विमितीय मॉडेल (खोलीभर एकच सरासरी वेग धरणारं) तळाजवळचा उलटा प्रवाह दाखवतच नाही, तिथे त्रिमितीयच हवं. पाण्याच्या टाकीतल्या लहान प्रतिकृतीलाही इथे मर्यादा आहे: १:१०० प्रमाणात हीच वाळू २ मायक्रॉनची करावी लागेल, म्हणजे ती वाळू न राहता चिकणमातीसारखी वागेल.

एंगेलुंड-हॅन्सन सूत्रात गाळवाहतूक वेगाच्या पाचव्या घाताने वाढते. वेग १० टक्के जास्त आला की गाळ ६१ टक्के जास्त! म्हणून पाण्याची पातळी जुळली एवढ्यावर मॉडेल जुळलं असं मानू नका. पातळी सहज जुळते, वेग जुळत नाही. पैसा मोजकाच असेल तर खुलं सॉफ्टवेअर घ्या आणि वाचलेला पैसा लहान-मोठ्या अशा दोन्ही भरत्यांतल्या प्रवाहमापनाला आणि तळाच्या नमुन्यांना लावा. मग दोन वेगळ्या वाहतूक सूत्रांनी मॉडेल चालवून बघा. आकड्यांत दुपटीचा फरक आला तर चालेल, पण गाळ जाण्याची दिशाच उलटी आली तर गाळउपशाचा अंदाज कुणालाही देऊ नका, आणखी मोजमाप मागा.