शिक्षकांसाठीची मनःस्वास्थ्य संदेशसेवा : शाळेचं एक वर्ष वापरल्यावर

शाळेचं वर्ष सुरू होताना आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक नंबर फिरला. त्यावर एक संदेश टाकला की रोज फोनवर दोन-तीन ओळींचा मजकूर येणार. तो शिक्षकांच्या मनःस्वास्थ्यासाठी लिहिलेला आणि आपण फक्त वाचायचा. आता वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झालेत आणि सेवा अजून चालू आहे. मी माध्यमिकच्या वर्गांना विज्ञान शिकवते, शिवाय वर्गशिक्षिका आहे. त्यामुळे ज्या ताणासाठी ही सेवा काढली आहे तो सगळा वर्षभरात वाट्याला आला. सेवेचं नाव मुद्दाम देत नाही. अशा सेवा आता बऱ्याच आहेत आणि मला जे सांगायचं आहे ते त्यातल्या कुठल्याही सेवेला लावून बघता येईल.

घ्यावी का, तर घ्यावी, पण दोन गोष्टी तपासून. ती तुमच्याकडून काही मागत नसावी, आणि तुम्ही ती वापरता हे तुमच्या वरच्या कुणालाही कळत नसावं. यातली एक गोष्ट जरी नसेल तरी तिचा उपयोग जवळपास संपतो, असं माझं वर्षभरानंतरचं मत आहे.

संदेश साधारण तीन प्रकारचे येतात. काही नुसता धीर देणारे, काही छोटी कृती सुचवणारे, तर काही मनात काय चाललंय ते नीट ओळखायला लावणारे. धीर देणाऱ्यांपैकी निम्मे मी वाचून सोडून दिले. ‘तुम्ही देशाचे भविष्य घडवत आहात’ या थाटाचं वाक्य सातव्या तासानंतर उपयोगी पडत नाही, उलट खांद्यावर आणखी एक ओझं येतं. पण पहिल्या सत्रात एकदा शाळा सुटल्या सुटल्या हा संदेश आला: ‘आज वर्गात चेहरा शांत ठेवलात, त्यालाही श्रम लागले. पुढची दहा मिनिटं तो तसा ठेवायची गरज नाही.’ स्टाफरूममध्ये वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी बसून मी तो दोनदा वाचला. दिवसभर काय केलं हे इतक्या नेमकेपणाने मला कोणी सांगितलं नव्हतं. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये भावनिक श्रमाची कल्पना मांडली तेव्हा त्यांचा अभ्यास प्रामुख्याने विमानातल्या कर्मचाऱ्यांवर होता. नोकरीचा भाग म्हणून विशिष्ट भाव चेहऱ्यावर धरून ठेवणं हेही काम आहे, हा त्यांचा मुद्दा शिक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. एकाच तासात एका मुलाची समजूत काढायची, दुसऱ्याला थोपवायचं आणि तिसऱ्याचा प्रश्न उत्साहाने ऐकायचा, तोही मागच्या तासाचा राग आत ठेवून.

सगळ्यात कामाला आले ते तिसऱ्या प्रकारचे संदेश. त्यांच्यामागे संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धती आहे, जिचा पाया मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात घातला. घडलेली घटना आणि त्या घटनेचा आपण मनात लावलेला अर्थ यांची फारकत करायची, ही त्यातली एक मूळ कृती. संदेशात एवढंच होतं: ‘कागदाचे दोन भाग करा. डावीकडे जे घडलं ते. उजवीकडे तुम्ही स्वतःला जे सांगताय ते.’ सहामाहीच्या निकालानंतर एका पालकांनी पालकांच्या ग्रुपवर, सगळ्यांसमोर लिहिलं होतं की मुलाला विज्ञानात गुण कमी पडले कारण बाईंचं लक्ष ठरावीक मुलांकडेच असतं. रात्री झोपायच्या वेळेस ते वाचलं आणि झोप उडाली. दुसऱ्या दिवशी ऑफ तासाला जुन्या गुणयादीच्या पाठकोऱ्या बाजूवर मी रेघ मारली. डावीकडे लिहिलं: एका पालकांनी संदेश टाकला. दोघांनी त्यावर सहमतीचा अंगठा टाकला. बाकी कोणी काही बोललं नाही. उजवीकडची यादी लांबत गेली. सगळ्या पालकांना असंच वाटतं, मुख्याध्यापक बोलावणार, मी पक्षपाती आहे, पुढच्या वर्षी हा वर्ग काढून घेतील. डाव्या बाजूला तीन ओळी आणि उजवीकडे जागा पुरेना, हे डोळ्यांनी बघितल्यावर छातीतली धडधड खाली आली. त्या पालकांशी बोलणं व्हायचं ते नंतर झालंच, पण मी ते रात्री अकराला फोनवर टाईप करून केलं नाही, समोर बसून केलं. वर्षभरात हा एक कागद मी किती वेळा काढला असेल, त्याला गणती नाही.

कृती सुचवणाऱ्यांमध्ये श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवायचा, हा सगळ्यात टिकला. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती थोडी मंदावते, आणि तास बदलताना व्हरांड्यातून चालत जाण्याएवढ्या वेळात ते करता येतं. डायरी लिहा, निसर्गात फिरा वगैरे संदेश मात्र ज्याने लिहिले त्याने शाळेचं वेळापत्रक पाहिलेलं नसावं. आमचा मोकळा तास मोकळा राहतोच असं नाही. बदली तास लागतो.

आता वेळेबद्दल. ही बाब कुणी बोलत नाही, पण तीच ठरवते की संदेश वाचला जाणार की नाही. सुरुवातीला माझे संदेश सकाळी परिपाठाच्या वेळेला यायचे, म्हणजे फोन पर्समध्ये आणि पर्स कपाटात. सेटिंग शोधून ते शाळा सुटल्यानंतरच्या वेळेवर आणलं. शिवाय रविवारी संध्याकाळचा एक ठेवला, कारण सोमवारची धास्ती तेव्हाच सुरू होते. तुमच्या सेवेत वेळ बदलता येत नसेल तर मी ती घेऊ नका असं म्हणेन.

दुसरी अडचण साध्या एसएमएसची. रोमन लिपीतला एसएमएस १६० अक्षरांचा असतो, पण देवनागरीत युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची संकेतपद्धती) लागतं आणि मर्यादा ७० वर येते. संदेश लांबला की त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात जेमतेम ६७ अक्षरं मावतात, त्यातही काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते. माझ्या जुन्या फोनवर तुकडे कधी कधी उलटसुलट यायचे. धीराच्या वाक्याचा शेवट आधी आणि सुरुवात दहा मिनिटांनी, असं झालं की वाचायची इच्छा राहत नाही. मराठीत संदेश लिहिणाऱ्यांनी सत्तर अक्षरांत बसेल असं लिहायला शिकावं. ते अवघड आहे, पण चांगलं वाक्य तेवढ्यात बसतं.

आता माझ्या पहिल्या अटीबद्दल, म्हणजे सेवेने काही मागू नये याबद्दल. मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी १९६९ पासून सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एक प्रयोग केला. नैराश्य किंवा आत्महत्येच्या टोकाला गेल्यामुळे रुग्णालयात दाखल झालेले आणि बाहेर आल्यावर पुढचे उपचार न घेणारे ८४३ जण त्यांनी निवडले. त्यातल्या साधारण निम्म्यांना पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. पत्रात उपदेश नव्हता, भेटीला या असा आग्रहही नव्हता. तुमची आठवण आहे, वाटलं तर लिहा, एवढंच. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, पत्रं मिळालेल्यांमध्ये पहिल्या दोन वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण लक्षणीय कमी आढळलं. ते लोक शिक्षक नव्हते आणि त्यांचा त्रास आमच्यापेक्षा कितीतरी गंभीर होता, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे आणणार नाही. पण ज्या गोष्टीने त्या पत्रांना ताकद दिली ती मला रोज अनुभवायला मिळाली. दिवसभर फोनवर जे येतं ते सगळं काहीतरी मागतं. माहिती भरा, फोटो टाका, उपस्थिती कळवा, उत्तर द्या. त्या गर्दीत एक संदेश काहीच मागत नाही.

म्हणूनच दुसऱ्या सत्रात सेवेने ‘साखळी’ सुरू केली तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. रोज संदेश उघडून ‘वाचला’ असं दाबलं की साखळी वाढणार, एक दिवस चुकला की तुटणार, आणि रात्री आठवण येणार की ‘आजची नोंद बाकी आहे’. बाकी! शिक्षकाच्या आयुष्यात हा शब्द आधीच पुष्कळ आहे. मी त्याच आठवड्यात तो भाग बंद केला. सुदैवाने बंद करता येतो, पण तीन पानं आत दडवलेला आहे.

याहून गंभीर प्रकार एकदा घडला. एका संध्याकाळी ‘आजचा दिवस कसा होता?’ असा संदेश आला. त्या दिवसात घरी आजारपण होतं. मी उत्तरात खरं लिहिलं, की वडील अतिदक्षता विभागात आहेत आणि मला वर्गात उभं राहवत नाही. पाचव्या सेकंदाला उत्तर आलं: ‘छान! असेच पुढे चालू ठेवा.’ पलीकडे माणूस नाही हे मला माहीत होतं, तरी ते लागलंच. उत्तर वाचायला कुणी नसेल तर सेवेने प्रश्न विचारू नये. विचारायचाच असेल तर त्याच संदेशात स्पष्ट लिहावं की हे कोणी वाचत नाही, बोलायचं असेल तर या नंबरवर माणूस आहे. मी तक्रार कळवली. आता प्रश्नाखाली तशी ओळ येते, हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

दुसरी अट गोपनीयतेची. काही ठिकाणी अशी सेवा शाळा किंवा संस्था विकत घेऊन शिक्षकांना देते आणि त्या बदल्यात संस्थेला अहवाल मिळतो. अहवालात नावं नाहीत, फक्त आकडे आहेत, असं सांगितलं जातं. पण पंधरा शिक्षकांच्या शाळेत ‘दोघांनी झोपेबद्दलचे संदेश मागितले’ एवढं वाक्य पुरतं, पुढचं स्टाफरूम जुळवते. म्हणून नोंदणी शाळेच्या ईमेलवरून करू नका, स्वतःच्या नंबरवरून करा. आणि संदेश एखाद्या ग्रुपमध्ये येणार असतील तर बाहेर पडा, कारण ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात पाठवण्याची सोय, असलं तरी मजकूर वाटेत सुरक्षित राहतो एवढंच. ज्याला तो पोचतो त्याने त्याचं काय करायचं, यावर त्याचा इलाज नाही.

सेवेने काय झालं नाही तेही सांगायला हवं. वह्या कमी झाल्या नाहीत. वर्गातली मुलं कमी झाली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था म्हटलं. म्हणजे दुरुस्ती आधी कामाच्या ठिकाणी व्हायला हवी. एखादी शाळा शिक्षकांना ही सेवा देऊन रात्रीचे संदेश, शनिवारच्या बैठका आणि दोन दोन ठिकाणी तीच माहिती भरणं तसंच चालू ठेवणार असेल, तर ते मला मान्य नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आला. तो पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांच्या संदर्भातला आहे, पण शाळांनी स्वतःपुरता तसा नियम करायला कुणी अडवलेलं नाही. आम्ही काहीजणींनी मिळून पालकांना कळवलं की संध्याकाळी सातनंतर उत्तर दुसऱ्या दिवशी मिळेल. या एका वाक्याने जेवढा फरक पडला तेवढा महिनाभराच्या संदेशांनी पडला नसेल.

माझ्यात काय बदललं? मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लॅक यांनी बर्नआउटच्या ज्या तीन बाजू सांगितल्या त्यातली दुसरी, म्हणजे समोरच्या माणसाबद्दल येणारा कोरडेपणा, मला सगळ्यात जास्त भिववायची. मागच्या वर्षी परीक्षेच्या सुमारास मुलं मला रोल नंबरांसारखी दिसू लागली होती. यंदा तसं झालं नाही. श्रेय एकट्या संदेशांचं नाही, सहकारी मैत्रिणींचं आणि घरच्यांचंही आहे. थकवा मात्र तेवढाच आहे.

सेवेत दर महिन्याला पाच विधानांची एक प्रश्नावली येते, जागतिक आरोग्य संघटनेची, मागच्या दोन आठवड्यांबद्दलची. गुणांना चारने गुणून शंभरपैकी आकडा येतो आणि तो पन्नासच्या खाली गेला तर नीट तपासणी करून घ्यावी असं मानतात. वडील आजारी असताना माझा आकडा खाली गेला तेव्हा मी डॉक्टरांकडे गेले. दोन आठवडे झोप नसेल, वर्गात जाण्याच्या विचाराने रडू येत असेल किंवा जगण्याचाच कंटाळा येत असेल, तर संदेशांच्या भरवशावर थांबू नका. त्याच दिवशी माणसाशी बोला.

पुढच्या वर्षीही मी ही सेवा ठेवणार आहे, रविवारचा एक आणि आठवड्यातले दोन संदेश एवढीच. सेवा चालवणाऱ्यांकडे एकच मागणी आहे: शाळेची लांब सुट्टी लागली की संदेश थांबवायची सोय द्या. सध्या तसं करायला नोंदणी रद्द करावी लागते आणि सगळी सेटिंग पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते.