वाड्याचा दरवाजा फ्लॅटमध्ये: साताऱ्याकडच्या जुन्या लाकडाच्या वखारी

सातारा, वाई, कऱ्हाड या पट्ट्यात एखादा वाडा उतरवला की त्याचं लाकूड हातोहात वखारीत जातं. खांब, तुळया, दारं, चौकटी, कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या फळ्या, कधी छपरी पलंग, कधी झोपाळ्याची फळी. घराला माजघरासारखं जुनं, ऊबदार, थोडं हळवं रूप द्यायचं असेल तर या वखारींइतका चांगला माल दुसरीकडे मिळणं कठीण. फसायलाही इथल्याइतकी सोय दुसरीकडे नाही. मालाला पाचपैकी साडेचार गुण, मापाला दोन, आणि दुरुस्ती-पॉलिशला दीड. तो दीडही लाकूडच मुळात इतकं चांगलं असतं म्हणून.

आधी शोरूमच्या ‘व्हिंटेज लूक’बद्दल दोन शब्द. तिथलं बरंचसं सामान आंब्याच्या लाकडाचं किंवा एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं असतं आणि कडा घासून रंग उडवलेला असतो. खरा दरवाजा हात लागतो तिथेच झिजतो: कडीभोवती, कोयंड्याखाली, पाय घासतो त्या खालच्या फळीवर. चारी कोपरे सारखेच उडाले असतील तर ते सँडपेपरचं काम समजा. नजर तयार करायला खरेदीआधी वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात तासभर घालवावा. 18व्या शतकाच्या उत्तरार्धातलं ते लाकूडकाम पाहिलं की जुनं आणि जुनाट यांतला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

वखारीत भाव घनफुटावर चालतो आणि खरी गंमत इथेच आहे. हिशेब सोपा: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार करून 144 ने भागायचं. अडचण अशी की वाड्याचा दरवाजा एकसंध जाड नसतो. उभ्या फळ्या साधारण एक इंचाच्या, आणि त्यांवर आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या. वखारवाला टेप लावतो तो नेमका पट्टीवर. समजा दरवाजा 7 फूट बाय साडेतीन फूट. पट्टीवर जाडी 2 इंच भरली तर माप होतं 4.08 घनफूट. प्रत्यक्षात फळ्यांचं लाकूड 2.04, आणि 4 इंच रुंद, 1 इंच जाड अशा पाच पट्ट्यांचं जेमतेम अर्धा घनफूट. म्हणजे अडीच घनफुटांचा माल चारच्या भावात. फळी आणि पट्टी वेगवेगळी मोजायला सांगा. कुरकुर होईल, पण ऐकतात. चौकट वेगळी मोजायची. तिच्या खाचा आणि कुजलेलं बूड मापातून वजा करायला लावायचं.

सगळ्या मालाला सागवान म्हणायची पद्धत आहे. वाड्यांत ऐन, जांभूळ, फणस, आंबा हेही भरपूर वापरलेलं आढळतं. दाराची मागची बाजू किंवा खालची कड पटाशीने नखाएवढी छिलून पाहा. सागाचा ताजा काप सोनेरी-तपकिरी दिसतो, बोटाला किंचित तेलकट लागतो आणि चामड्यासारखा वास देतो. ऐन गडद आणि बराच जड. खांबाला उत्तम, पण टेबलाच्या फळीला नको, फार तडकतो. फणस पिवळसर असतो आणि वयानुसार सुरेख तांबूस होतो. तो सागापेक्षा स्वस्त मिळत असेल तर डोळे झाकून घ्यावा.

भोकं दिसली म्हणून लगेच माघार घेऊ नका. सागाचा गाभा भुंगा सहसा खात नाही, कडेचं फिकट लाकूड मात्र खातो. प्रश्न एवढाच, की कीड जुनी आहे की आत्ता चालू आहे. जुन्या भोकांच्या कडा काळवंडलेल्या आणि धुळीने भरलेल्या असतात. चालू कीड मैद्यासारखी फिकट भुकटी टाकते. दार झटकून, खाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवायला सांगा. कागदावर भुकटीचे ढीग दिसले तर उपचाराआधी ते घरात नेऊ नये. भुंगा घरातल्या इतर लाकडाच्या फिकट भागातही शिरतो. उपचार म्हणजे कडेचं पोखरलेलं लाकूड रंध्याने काढून टाकणं आणि उरलेल्या कोऱ्या लाकडाला बोरॅक्स-बोरिकचं द्रावण दोन-तीनदा पाजणं. पॉलिशवरून मारलेलं औषध आत जात नाही. ‘औषध मारून दिलंय’ या वाक्याचा अर्थ वखारीत बहुतेकदा एवढाच असतो.

रंग काढणं हा या धंद्यातला सगळ्यात कच्चा दुवा. झटपट म्हणून दारं कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवतात. रंग निघतो, पण साग काळपट पडतो, रेषा खरखरीत उभ्या राहतात, सांधे ढिले होतात. सोडा लाकडात मुरलेला राहिला तर वरचं पॉलिश महिन्या-दोन महिन्यांत चिकट किंवा पांढुरकं होतं. अशा लाकडावर ओला हात फिरवला की साबणासारखं बुळबुळीत लागतं. तसं लागलं तर दार सोडून द्या. घेतलंच असेल तर भरपूर पाण्याने धुवा, मग पाणी घातलेलं व्हिनेगर फिरवा, पुन्हा धुवा आणि सावलीत किमान तीन आठवडे वाळू द्या.

रंगासकटचं दार घेणं जास्त बरं. पण तो जुना निळा-हिरवा ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांवर आणणारे केंद्राचे नियम 2016चे, अंमल 2017पासूनचा. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. पेंट रिमूव्हर लावून खरवडावं, पृष्ठभाग ओला ठेवून घासावं, खरवडलेलं सगळं पिशवीत भरावं आणि साधा रुमाल नव्हे, एन-95 मास्क वापरावा. घरात रांगतं मूल असेल तर हे काम घराबाहेरच करवून घ्या. तो उडालेला निळा रंग तसाच ठेवायचा मोह अनेकांना होतो आणि दिसायला तो खरंच लोभस दिसतो. भिंतीवर उंच लावायच्या दाराला, सुटे पापुद्रे काढून वर पारदर्शक मॅट कोट दिला तर चालेल. जेवायच्या टेबलाला मुळीच नको.

दाराचं टेबलच करायचं तर साडेपाच-सहा फुटांचं ठेंगणं दार चौघा-सहाजणांना बरोबर पुरतं. सागाचं वजन घनफुटाला सुमारे 18 किलो धरा. अडीच घनफुटांचं दार लोखंडासकट पन्नास किलोंच्या घरात जातं, वर ठेवायची काच वेगळी. पायांना 40 बाय 40 मिलिमीटरचा चौकोनी पाइप पुरतो. जेवणाच्या टेबलाची उंची काचेसकट 30 इंच, चहाच्या टेबलाची 16 ते 18. सुतार हमखास चुकतो तो जोडणीत. दार सांगाड्याला घट्ट बोल्ट करून टाकतो. लाकूड पावसात रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. जागा मिळाली नाही तर फळी मधोमध तडकते. म्हणून सांगाड्याच्या पट्टीतली भोकं गोल नकोत, आडवी लांबट हवीत, दोन्हीकडे दोन-दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जागा सुटेल इतकी.

वरती 8 किंवा 10 मिलिमीटरची टफन्ड काच. खिळ्यांची डोकी वर आलेली असतात, म्हणून काचेखाली पारदर्शक सिलिकॉनच्या टिकल्या लावाव्या लागतात. त्यांची उंची सगळ्यात उंच खिळ्यापेक्षा जास्त हवी, नाहीतर काचेचा भार एकाच खिळ्यावर येतो. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तेव्हा कोपऱ्यांची गोलाई आधीच सांगून ठेवा. खिळ्यांभोवतीचे काळे डाग म्हणजे लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनची प्रक्रिया. ते शोभतात. नको असतील तर लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून ब्रशने लावा आणि वाळल्यावर नीट धुवा. हे विष आहे. हातमोजे घाला आणि डबा स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.

वखारीतलं पॉलिश शक्यतो घेऊ नये. चपड्याच्या लाखेचं स्पिरिट पॉलिश पलंगाला, कपाटाला देखणं दिसतं, पण टेबलावर गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. जुन्या लाकडाला अळशीचं तेल सगळ्यात शोभतं. पहिल्या हाताला डबल बॉइल्ड तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं. वीस मिनिटांनी जास्तीचं सगळं पुसून घ्यायचं. इथे कंटाळा केला की पृष्ठभाग कायमचा चिकट राहतो. दोन दिवसांनी निव्वळ तेलाचा पातळ हात, पुन्हा पुसणं, पुन्हा दोन दिवस. शेवटी एक भाग मधमाशांचं मेण तीन भाग टर्पेंटाइनमध्ये गरम पाण्याच्या भांड्यावर, आचेपासून दूर विरघळवून ते फडक्याने चोळायचं. 2022मध्ये मधाचं गाव म्हणून पुढे आलेलं मांघर याच जिल्ह्यातलं, तेव्हा मेणासाठी महाबळेश्वरकडच्या मधवाल्यांना विचारून पाहायला हरकत नाही. आणि एक धोका कोणी सांगत नाही: अळशीच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकले तर आपोआप तापून पेटतात. ते उघडे पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

हे सगळं जिल्ह्याच्या कुठल्या भागात करताय यावरही ठरतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि माण-खटावला पाचशेच्या आसपास. माणमधल्या दहिवडीकडच्या वाड्याचं खडखडीत वाळलेलं दार महाबळेश्वरच्या बाजूच्या पावसाळी मेढ्याला नेलं की पहिल्याच पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकणार. तिथे चारी बाजूंनी दीड-दोन सूत फट ठेवा, आणि तेलावर बुरशी धरते म्हणून वर मॅट पॉलियुरेथेनचा पातळ हात द्या. तेल पूर्ण वाळल्यावरच. साताऱ्यात किंवा कोरेगावात नुसतं तेल-मेण पुरतं.

छपरी पलंग म्हणजे या शैलीचा राजा. कातीव खांब, वर पातळ सुती मच्छरदाणी, आणखी काही लागत नाही. पण जुने पलंग आखूड आणि अरुंद असतात. हल्लीची दोघांची गादी 75 किंवा 78 इंच लांब, 60 इंच रुंद. पलंगाचं माप नेहमी आतून घ्या. खांबाच्या टोकापासून घेतलेलं माप काही कामाचं नाही. बाजूच्या पट्ट्या बदलून लांबी वाढवता येते. रुंदी वाढवायची तर कोरीव उशापट्टी कापावी लागते, मग तो पलंग का घेतला हेच उरत नाही. चारही खांब एकाच जोडातले आहेत का, हे त्यांची वळणं शेजारी-शेजारी धरून तपासा. तीन मूळचे आणि एक नवा कातलेला, हे वखारीत नेहमीचं.

झोपाळ्याची सहा बाय दोन फूट, दीड इंच जाडीची फळी सुमारे 28 किलोंची. तीन माणसं आणि कड्या धरून अडीचशे किलो, आणि झोका घेताना हा भार दुपटीच्या हिशेबाने धरावा. प्रत्येक हुक किमान 300 किलो पेलणारा असावा आणि तो बीममध्ये बसवावा. जुन्या स्लॅबमध्ये नुसते फास्टनर ठोकून देणाऱ्याला परत पाठवा. हादऱ्यांनी ते सैल होतात. बीम नसेल तर केमिकल अँकर (भोकात रासायनिक गोंदाने चिकटवलेला बोल्ट) किंवा स्लॅबच्या आरपार पट्टी, तीही इंजिनिअरला दाखवून. हत्ती-मोरांच्या पितळी कड्या आतून पोकळ असतील तर त्या फक्त शोभेच्या. आत स्टीलची सळई हवी. पितळ चिंचेने लखलखीत घासू नका, नाहीतर त्याच्यावर चढलेला काळ एका दुपारीत उतरून जातो.

भिंतीला चुना. हायड्रेटेड लाइम एक किलो, पाणी दोन ते अडीच लिटर, रात्रभर मुरवून गाळलेलं, दुधाइतकं पातळ. भिंत ओली करून तीन हात, मध्ये एकेक दिवस. पहिला हात ओला असताना काहीच दिसत नाही, म्हणून लोक जाड थापतात आणि तो पापुद्र्यांनी गळतो. प्लॅस्टिक पेंटवर चुना धरत नाही, तो आधी खरवडावाच लागतो. रंगासाठी नीळ किंवा गेरू. हळद घालायची हौस कोणाला आली तर आठवण असू द्या, हळद आणि चुन्याचं कुंकू होतं. डोळ्यांना चष्मा हवाच. आणि दिवे 2200 ते 2700 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे. पांढऱ्या ट्यूबखाली सागाचा रंग मेलेला दिसतो.

कायद्याची एक गोष्ट. 1972च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कोरीव कलाकृती पुरावशेष ठरू शकते, आणि काही प्रकारांची नोंदणी लागते. साध्या दाराचा सहसा प्रश्न येत नाही. देवळातले मूर्तीचे खांब किंवा तोरण कुणी दाखवलं तर मात्र हात लावू नका, आणि वाड्याचा माल असेल तर कोणत्या गावच्या वाड्याचा हे बिलावर लिहून घ्या.

खरेदी डिसेंबर ते फेब्रुवारीत करावी. पावसाळ्यात उघड्यावर भिजलेलं लाकूड जड असतं, मापाला फुगलेलं असतं, आणि घरी येऊन वाकतं. निघण्याआधी लिफ्टचं दार, जिन्याचं वळण आणि तुमच्याच फ्लॅटची चौकट मोजून घ्या. वखारीतला टेम्पो माल खाली उतरवून देतो. वरच्या मजल्यावर चढवायचे पैसे वेगळे, आणि ते ठरतात दार जिन्यात अडकल्यावर.