डॅशबोर्डातला दोन मीटरचा सेट, आठ महिन्यांनंतर

नोव्हेंबरात गाडीत व्हीएचएफचा हॅम सेट, म्हणजे हौशी लोकांचा बोलायचा-ऐकायचा रेडिओ, दोन मीटर तरंगलांबीच्या बँडचा, बसवला, आता जुलै चालू आहे, म्हणजे उन्हाळा आणि अर्धा पावसाळा काढून झाला, आता लिहायला हरकत नाही. आधीच सांगून टाकतो, माझ्याकडे परवाना आहे आणि स्कॅन (सेट आपोआप चॅनल चाळतो तो) फक्त १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमधेच, त्याच दोन मीटर बँडमधे चालतो. पोलिसांचं ऐकू येतं का रे, हे मला पेट्रोल पंपावरच्या पोरानेसुद्धा विचारलंय. त्या वाटेला मी जात नाही, तुम्हीही जाऊ नका.

घेण्याचं कारण तौक्ते चक्रीवादळ. मे २०२१ ला आमच्याकडे गोव्यात डिचोलीत झाडं पडली, वीज गेली, फोनला रेंज नाही, आणि माझ्या हातात पाच वॉटचा वॉकीटॉकीएवढा सेट, ज्याचं बोलणं समोरच्या डोंगरापलीकडे जाईना. तेव्हाच ठरवलं होतं की गाडीत ५० वॉटचा हवा, पण मधे वर्षं गेली, कारण घरात "आणखी एक डबा?" हा प्रश्न आला की माझ्याकडे उत्तर नसतं.

पहिली घोडचूक म्हणजे सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून सप्लाय घेतला. ऐकायला अर्धा अँपिअर पुरतो, पण फुल पॉवरला बोलायला लागलं की दहाच्या वर जातो, तिसऱ्या दिवशीच फ्यूज उडाला आणि सोबत फोनचं चार्जिंगही गेलं. मग म्हापशाच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून थेट बॅटरीपासून जाड वायर आत घेतली, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज टाकून. तो डब्याकडे बघून म्हणाला, "पोलीस जालो मरे तूं?" पण काम चोख केलं.

दुसरी चूक, अख्खा सेट म्युझिक सिस्टमखालच्या खणात कोंबला. दिसायला एक नंबर! पण मागे हवा खेळायला जागाच नाही, एप्रिलमधे पाच मिनिटं सलग बोललो तर चटका बसेल इतका तापला. आता फक्त समोरचं पॅनल खणात आहे, बॉडी सीटखाली, मधे वायर. पावसात पायपुसणी ओली होते म्हणून खाली लाकडी फळी ठोकलीय.

आता खरी डोकेदुखी. स्कॅन लावला की सेट दर दोन मिनिटांनी एकाच चॅनलवर थांबायचा आणि नुसती खर्रर्र. स्क्वेल्च (कमजोर आवाज गाळणारं बटण) वाढवला तर खरखर जायची पण लांबची माणसंही जायची. मी दुकानदाराला फोन करून सेट खराब निघाला म्हणून नको ते बोललो, अँटेनाची केबल बदलली, एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी नीट जुळलीय का ते सांगणारं माप) तीनदा मोजला, सगळं ठीक. मग एका संध्याकाळी बायको मडगावला उतरली, जाताना तिने आपला यूएसबी चार्जर उपटून पर्समधे टाकला, आणि रेडिओ एकदम गप्प. मी तिथेच गाडी लावून दुसरा चार्जर आत घातला, बाहेर काढला, परत घातला. डॅशकॅमचा चार्जर पण त्याच जातीचा निघाला, बारा व्होल्टचे पाच करताना आतलं सर्किट जे काय स्विचिंग करतं तो कचरा सगळा माझ्या बँडमधे. फेराइटच्या रिंगमधून (असला कचरा अडवणारी चुंबकीय कडी) वायर सात-आठ वेढे घेतल्यावर ऐंशी टक्के कमी झालाय. दुकानदाराला सॉरी म्हणालो. म्हणजे सेट सोन्यासारखा असला तरी स्वस्तातला चार्जर त्याला बहिरा करू शकतो, आणि आपण मात्र दोष सेटला देतो.

रेंजबद्दल खोटं बोलणार नाही. पणजीच्या अटल सेतूवर चढलं की कान उघडल्यासारखे होतात, चोर्ला घाटात वळण घेतलं की समोरचा अर्ध्या वाक्यात गायब, डोंगरापुढे ५० वॉटही काही करत नाहीत. पण मजा पण आहे. मार्चमधे सेतूवर ट्रॅफिकमधे अडकलो होतो, स्कॅन १४५.८२५ वर थांबला आणि ब्रर्रप, ब्रर्रप असे तुकडे यायला लागले, मला वाटलं परत चार्जर! तर तो अंतराळ स्थानकाचा पॅकेट सिग्नल, म्हणजे आवाज नाही, डेटाचे तुकडे, आठ-नऊ मिनिटांत डोक्यावरून गेला पण. मागचा हॉर्न वाजवत होता, त्याला काय सांगणार.

अँटेना साधी पाव वेव्हची (तरंगलांबीच्या पाव लांबीची), साधारण अर्ध्या मीटरची, छताच्या मधोमध मॅग्नेटवर. इथे एक सांभाळा, आमच्याकडची लाल धूळ मॅग्नेटखाली साचते आणि रंग खरवडते, मी दर रविवारी उचलून पुसतो तरी एक गोल डाग पडलाच. आणि अर्थिंगचा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) जूनमधेच हिरवा पडला होता, खारी हवा, घासून व्हॅसलीन लावलंय. चवथीच्या आधी परत उघडून बघणार आहे.