ड्रायव्हर सीटच्या तीन उशा : कोणती ठेवायची, कोणती काढायची

इंदूरच्या कार अ‍ॅक्सेसरीच्या दुकानांत तीन नगांचा एक सेट हमखास टांगलेला दिसतो. बुडाखाली घ्यायचं पाचरीच्या आकाराचं वेज कुशन, कमरेमागे बांधायचा जाळीचा लंबर सपोर्ट आणि हेडरेस्टला अडकवायची नेक पिलो. पाकिटावरचं नाव बदलतं, आतला माल बहुधा सारखाच असतो. हे परीक्षण अशाच हजार-बाराशेच्या एका सेटचं.

आधी एक गोष्ट. ज्यांची कंबर धरते त्यांतल्या बऱ्याच जणांची सीटच चुकीची लावलेली असते, आणि चुकीच्या सीटवर उशी ठेवली की चूक आणखी दोन इंच उंच होते, एवढंच. त्यामुळे पैसे काढण्यापूर्वी सीट रिकामी ठेवून नीट लावा. बूड अगदी मागे, सीट आणि पाठ जिथे मिळतात त्या खाचेपर्यंत सरकवा. उंचीचा लिव्हर असेल तर डोकं आणि छत यांच्यात मूठभर जागा राहील इतपत सीट वर घ्या. मग क्लच तळापर्यंत दाबा आणि तो दाबलेला असतानाही गुडघा थोडा वाकलेला राहील अशा खाचेवर सीट थांबवा. एएमटी (गिअर आपोआप बदलणारी, क्लच पेडल नसलेली गाडी) किंवा ऑटोमॅटिक असेल तर हीच तपासणी ब्रेक जोरात दाबून करायची. पुष्कळ लोक अर्ध्या क्लचवर अंदाज घेतात आणि नंतर प्रत्येक गिअरला बूड पुढे ओढत बसतात. कंबरदुखीचा उगम बहुतेक वेळा इथेच.

पाठ काटकोनापेक्षा थोडीच मागे, साधारण १०० ते ११० अंशांवर. खांदे टेकलेले ठेवून हात सरळ पुढे करा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. बोटंच जेमतेम पोचत असतील तर तुम्ही लांब आहात, कोपराजवळचा भाग पडत असेल तर फार जवळ. छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवंच, कारण एअरबॅग तिथूनच उघडते.

आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांचं स्टिअरिंग फक्त वर-खाली होतं, पुढे-मागे होत नाही. उंच माणसाची तिथे पंचाईत होते : पायांना जागा द्यावी तर हात पोचत नाहीत. अशा वेळी सीट पायांच्या हिशेबाने लावा आणि पाठ एक-दोन खाचा सरळ करा. खांदे पुढे येतात, हात पोचतात. आरामखुर्चीसारखं रेलायची सवय मात्र सोडावी लागते.

आता सेटकडे. तिन्हींत खरा कामाचा नग वेज कुशन. मागची कड ८ सेंटिमीटर, पुढची ३. ज्या गाडीत उंचीचा लिव्हर नाही आणि सीट मागे खोल गेलेली आहे, तिथे बूड गुडघ्यांच्या खाली जातं, कमरेचा खालचा भाग गोल होतो आणि सगळा भार मणक्यावर येतो. हे कुशन बूड उचलतं. कमी उंचीच्या चालकाला बॉनेटचा पुढचा भागही दिसू लागतो, इंदूरच्या राजवाडा भागातल्या गर्दीत तो फायदा लगेच कळतो. आत मेमरी फोम आहे आणि त्याचा स्वभाव तापमानावर फिरतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तो इतका मऊ होतो की ८ सेंटिमीटर नुसते नावाला उरतात. जानेवारीच्या सकाळी तोच पहिली काही मिनिटं पाटासारखा कडक. म्हणून दुकानात एसीच्या गारव्यात दाबून पाहू नका. मूठ पूर्ण दाबल्यावर तळ हाताला लागत असेल तर तो नग परत टांगा.

तळाला रबराचे ठिपके आहेत. कापडी सीटवर ते धरतात, रेक्झीनच्या कव्हरवर घसरतात. हे नुसतं गैरसोयीचं नाही, धोक्याचं आहे : जोरात ब्रेक लागला की कुशन पुढे सरकतं आणि सीटबेल्टची कमरपट्टी कमरेच्या हाडांवरून पोटावर चढते. रेक्झीनचं कव्हर असेल तर सीटच्या पाठीला बांधता येईल असा पट्टा असलेलंच कुशन घ्या. एरवी नको.

कुशन ठेवल्यावर सगळं पुन्हा लावावं लागतं, आणि हे कोणी सांगत नाही. बूड वर गेलं म्हणजे पाय तेवढे आखूड पडले, मांडी स्टिअरिंगच्या खालच्या कडेला लागू लागली, डोकं हेडरेस्टच्या वर गेलं. क्लचची तपासणी परत, स्टिअरिंग एक टप्पा वर, हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या टाळूच्या पातळीला, शेवटी तिन्ही आरसे. याच क्रमाने.

जाळीचा लंबर सपोर्ट आपल्या उन्हाळ्यात सुखाचा, पाठ ओली होत नाही. पण त्याची तार माणसाला चार बोटं पुढे ढकलते. सीट तेवढी मागे घेतली नाही तर छातीचं ते २५ सेंटिमीटरचं अंतर संपतं. फुगवटा बेल्टच्या, म्हणजे पॅंटच्या पट्ट्याच्या रेषेवर यायला हवा. दुकानदार बसवताना हमखास वर, बरगड्यांशी बसवतात, आणि तासाभरात पाठ आणखी दुखते. लवचीक पट्टा ओघळतोही. इंदूरहून पुण्याला सहाशे किलोमीटर निघालात तर सेंधव्यापर्यंत तो सीटच्या फटीत पोचलेला असेल, आणि बिजासन घाटात ट्रकांमागे क्लच दाबत असताना तो हाताने वर ओढण्याची वेळ येईल. सीटच्या बाहेरच्या कडेवर 'एअरबॅग' लिहिलेली कापडी चिठ्ठी शिवलेली असेल तर तिच्यावरून कोणताही पट्टा किंवा कव्हर जाऊ देऊ नका. बाजूची एअरबॅग त्या शिवणीतून फुटून बाहेर येते. एक गुंडाळलेला हातरुमाल कमरेच्या खळगीत ठेवून पाहा. त्याने बरं वाटलं तर हा नग घेण्यात अर्थ आहे, नाही तर नाही.

नेक पिलो काढून टाका. ती मानेच्या पोकळीत बसण्याऐवजी डोक्याच्या मागे येते आणि हनुवटी छातीकडे झुकवते. मागून धडक बसली तर डोकं पकडायचं काम हेडरेस्टचं आहे, मध्ये घसरती उशी नको. मागच्या सीटवर झोपणाऱ्याला द्यायला ती छान.

कव्हरची चेन निघते, कापड धुता येतं. फोम धुवायचा नाही, पाणी प्यायला की दिवसेंदिवस वाळत नाही आणि वास धरतो.

गाडी घरात दोघं चालवत असतील तर वेज कुशन एकासाठी बसतं आणि दुसऱ्याचं डोकं छताला लावतं. सीट पूर्ण मागे नेऊन तिथून पुढे किती 'खट्' आपल्या, ते मोजून ठेवा. समजा, कुशनसह सहा आणि कुशनशिवाय चार. कुशन काढायचं तर बाजूच्या सीटवर मोकळं टाकू नका, थेट डिकीत ठेवा. ब्रेक लागला की ते घरंगळत पेडलखालीही येऊ शकतं.